हायमेनडॉर्फच्या वाटेने जायचंय, सुरुवात कुठून करू? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात प्रवासाच्या पानावर मी तेलंगणातल्या मारलवाई या गावाबद्दल जेमतेम दोन पॅरा लिहिले होते, की तिथे एका ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाची आणि त्याच्या बायकोची समाधी आहे आणि गोंड लोक दरवर्षी तिथे जमतात. एवढ्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्यालाच दिलंय. सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मी नांदेडचा, निवृत्त शिक्षक. आदिलाबाद आमच्यापासून एवढं जवळ, पण हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. हा माणूस कोण, तो गोंडांच्या गावात कसा पोचला, आणि त्याची वाट धरून चार दिवसांची ट्रिप होईल का?

उत्तर : सर, नक्की होईल, आणि नांदेडहून तर सगळ्यात सोपी होईल. आधी माणसाबद्दल सांगते.

ख्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ, जन्म १९०९ चा, व्हिएन्नाचा. तिथे शिकला, मग लंडनला नामवंत मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कींच्या हाताखाली, आणि १९३६ मध्ये थेट नागा टेकड्यांत, कोन्याक नागांच्या वाकचिंग गावात जाऊन राहिला. तेव्हा वय सत्तावीस. १९३८ मध्ये त्याने एलिझाबेथ बार्नार्डो या इंग्रज मुलीशी लग्न केलं, तिला सगळे बेटी म्हणायचे, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक मुक्कामात ती बरोबर होती. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा दोघं भारतात होते. ऑस्ट्रिया आदल्याच वर्षी जर्मनीने गिळलेली, त्यामुळे याच्याकडे जर्मन पासपोर्ट, म्हणजे ब्रिटिशांच्या कागदावर हा शत्रुदेशाचा नागरिक झाला. पण त्याला छावणीत सडवण्याऐवजी निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहायची मुभा मिळाली, आणि या माणसाने त्या अडकलेपणाचं सोनं केलं. आधी कृष्णेकाठच्या नल्लमला जंगलात चेंचू आदिवासींकडे, मग गोदावरीच्या खोऱ्यात कोंडा रेड्डी आदिवासींकडे, आणि तिथून आदिलाबादच्या गोंडांकडे.

आता आदिलाबादला का, तर १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम मारला गेला होता. जल, जंगल, जमीन म्हणत बारा गावांचा हक्क मागणारा गोंड तरुण, निजामाच्या पोलिसांनी त्याला आणि त्याच्या साथीदारांना गोळ्या घातल्या. नंतर सरकारला प्रश्न पडला की एवढे शांत लोक शस्त्र घेऊन उभे का राहिले, आणि ते शोधायचं काम हायमेनडॉर्फकडे आलं. तो मारलवाईत झोपडी बांधून राहिला, आणि त्याने जे लिहिलं ते सरकारला आवडण्यासारखं नव्हतं: जंगल खात्याने राखीव जंगलाची रेषा गावाच्या अंगणापर्यंत आणली, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन गोंडांच्या नावावर कधीच नव्हती, आणि बाहेरून आलेले शेतकरी अन् सावकार पट्टे करून मोकळे झाले. (यातले बरेच जण आपल्या मराठी मुलखातून गेलेले, हेही वाचताना लक्षात ठेवायला हवं.) त्याच्या सांगण्यावरून जमिनीचे पट्टे वाटायला सुरुवात झाली, १९४९ पर्यंत सुमारे १ लाख ६० हजार एकर जमीन आदिवासींच्या नावावर झाली, आणि मारलवाईत गोंड मुलांना शिक्षक बनवणारं केंद्र निघालं.

तर आता वाट. नांदेडहून रेल्वेने मुदखेड, भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबाद. नागपूरकर हिंगणघाट-पांढरकवडा रस्त्याने येऊ शकतात, मुंबईकरांना नंदिग्राम एक्स्प्रेस आहे. आदिलाबादहून गाडी करा आणि गुडीहतनूर, इंद्रवेल्ली, उटनूर, जैनूर असं चला. जैनूर मंडलात (मंडल म्हणजे तिकडचा छोटा तालुका) मारलवाई. पुढे केरामेरीचा घाट, त्याच भागात जोडेघाट, मग उतरून आसिफाबाद, तिथून वांकडीवरून राजुरा आणि चंद्रपूर. म्हणजे नांदेडहून निघून चंद्रपूरला बाहेर पडायचं, आल्या वाटेने परत यायची गरजच नाही.

चार दिवसांत घाई करू नका. पहिला दिवस केसलापूरच्या नागोबाला आणि इंद्रवेल्लीला द्या, दुसरा आणि तिसरा पूर्ण मारलवाई आणि आसपासच्या गावांना, चौथा जोडेघाटला. इंद्रवेल्लीत रस्त्याजवळच लाल रंगाचा स्तूप दिसेल, तिथे थांबाच. २० एप्रिल १९८१ ला जमिनीच्या मागणीसाठी जमलेल्या गोंडांवर तिथे पोलिसांनी गोळीबार केला, सरकारी आकडा १३ मृत्यूंचा, गावातले लोक तो आकडा मानत नाहीत. म्हणजे ज्या जमिनीच्या प्रश्नासाठी हायमेनडॉर्फला पाठवलं होतं तोच प्रश्न चाळीस वर्षांनी परत रस्त्यावर. हायमेनडॉर्फ सत्तरच्या दशकात परत येऊन सगळं बघून गेला होता, वाटलेल्या पट्ट्यांतली किती जमीन परत हातची गेली ते त्याने मोजून लिहिलंय, आणि ते लिहिताना त्याचा संताप लपत नाही.

प्रश्न : पुण्याहून दोन वाचकांनी विचारलंय: आम्हाला तेलुगू येत नाही, गोंडी तर नाहीच. गावात बोलणार कसं?

उत्तर : मराठीत बोला. खरंच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन दिवस हिंदी झाडत होते आणि तिसऱ्या दिवशी एका ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी मला शांतपणे विचारलं, "बाई, मराठी येत नाही का तुम्हाला?" मला एवढं भरून आलं की बोलताच येईना. हा सगळा पट्टा शतकानुशतकं गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू असा मिसळलेला आहे. गोंडांचे भाट म्हणजे परधान, जे किकरी वाजवून त्यांच्या देवांच्या आणि पूर्वजांच्या कथा गातात, त्यांची घरची बोली मराठी, हे हायमेनडॉर्फनेसुद्धा नोंदवलंय. गातात गोंडीत आणि बायकोशी भांडतात मराठीत. किकरी ऐकायला मिळाली तर सोडू नका, तीन तारांचं गजाने वाजवायचं वाद्य आहे, आवाज थोडा घोगरा, माणसाच्या गळ्याच्या इतका जवळचा की गाणारा कुठे थांबला आणि वाद्याने कुठे उचललं ते पटकन कळत नाही.

भेटल्यावर "राम राम" चालतं, तरुण मंडळी "जय सेवा" म्हणतात. आणि गोंडी शाळांची पहिली वाचनपुस्तकं निघाली ती देवनागरीत, कारण ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीतूनच होती. याच भागात नारनूर मंडलात गुंजाळा नावाचं गाव आहे, तिथे गोंडीच्या स्वतःच्या लिपीतली जुनी हस्तलिखितं सापडली, २०१८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये गेली. वेळ असेल तर तिकडेही वाकडी वाट करा.

प्रश्न : तुम्ही फार कौतुक केलंत. शेवटी तो साहेबच ना? इंग्रज सरकारच्या पैशाने आदिवासींवर "अभ्यास" करणारा. त्याच्या वाटेवरून जाणं म्हणजे त्याच नजरेने परत त्या लोकांकडे बघणं नाही का? – एक वाचक, सातारा

उत्तर : प्रश्न एकदम रास्त आहे, आणि मी तो टाळणार नाही.

हो, काही ठिकाणी तो सरकारबरोबरच होता. नोव्हेंबर १९३६ मध्ये नागा टेकड्यांचे अधिकारी जे. पी. मिल्स पांग्शा गावावर कारवाईला निघाले, गुलाम सोडवण्यासाठी म्हणून, आणि हायमेनडॉर्फ त्या तुकडीबरोबर गेला. पांग्शा जाळलं गेलं. तिथे मिळालेली काही मुंडकी तो परत वाकचिंगला घेऊन आला, कारण कोन्याकांना त्यावरून त्यांचा मुंडकी आणल्याचा सोहळा करता येणार होता, आणि हे सगळं त्याने स्वतःच्या पुस्तकात उत्साहाने लिहिलंय. आज वाचताना पोटात ढवळतं. १९४४ मध्ये आजच्या अरुणाचलमधल्या सुबनसिरीच्या खोऱ्यात तो गेला तोसुद्धा सरकारने नेमलेला खास अधिकारी म्हणून, तिबेटच्या बाजूचा डोंगराळ मुलूख तोवर सरकारच्या नकाशात नीट आलेला नव्हता म्हणून. या गोष्टी बाजूला ठेवून त्याची वाट धरली तर ती अर्धीच वाट झाली.

पण त्याच माणसाने आदिलाबादमध्ये सरकारलाच सांगितलं की चूक तुमची आहे. आणि दुसरं म्हणजे, ज्यांचा अभ्यास झाला त्यांनी त्याच्याबद्दल काय ठरवलं ते मी तरी सगळ्यात वर ठेवते. बेटी १९८७ मध्ये हैदराबादला वारली, तेव्हा तिला मारलवाईत आणलं. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारला, त्याचीही समाधी तिच्या शेजारी आहे. दरवर्षी ११ जानेवारीला गाव जमतं, फुलं वाहतात, पूजा करतात, आपल्या रीतीने. कुणी सरकारी आदेश काढलेला नाही. बाहेरून येऊन आपण त्यांना "अहो तो वसाहतवादी होता" असं सांगणं मला जमणार नाही, पण पांग्शाच्या लोकांनी त्याच्याबद्दल वेगळं काही म्हटलं तर तेही तितक्याच गंभीरपणे ऐकलं पाहिजे. एकाच माणसाच्या दोन वाटा आहेत आणि दोन्हींवर माणसं राहतात.

नजरेचं म्हणाल तर माझी स्वतःची चूक सांगते. पहिल्या फेरीत मी त्याच्या जुन्या फोटोंसारखे कोन शोधत हिंडत होते, गवताचं छप्पर दिसलं की क्लिक, पत्र्याचं दिसलं की कॅमेरा खाली. एक मुलगी, असेल दहावी-अकरावीची, माझ्यामागे चालत होती, तिने विचारलं "आमचं घर का नाही काढलं?" तिचं घर सिमेंटचं होतं, समोर मोटरसायकल, भिंतीवर तिच्या भावाने रंगवलेला मोर. मी ते घर वगळलं होतं कारण ते मला "खरं" वाटत नव्हतं. त्या दिवसापासून मी ठरवलंय की त्याच्या वाटेवर जायचं ते त्याने काय पाहिलं ते शोधायला नाही, त्याने ज्यांची नावं लिहून घेतली त्यांच्या नातवंडांचं आज काय चाललंय ते विचारायला.

प्रश्न : यात मराठी माणूस कुठे आहे का? – चार-पाच पत्रांत हाच सूर

उत्तर : आहे, आणि फार मोठा आहे. सेतुमाधवराव पगडी. आपण त्यांना शिवकालाचे आणि फारसी कागदांचे इतिहासकार म्हणून ओळखतो, पण ते हैदराबाद संस्थानात अधिकारी होते आणि आदिलाबादला आदिवासींच्या कामावर नेमलेले होते. तिथे ते नुसते फायली हलवत बसले नाहीत, गोंडी शिकले, कोलामी शिकले, दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली, गोंडांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. हायमेनडॉर्फने आखलेल्या कामाला प्रत्यक्ष गावागावात नेणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव येतं. मला राहून राहून वाटतं की आपल्याकडे पगडींची जयंती-पुण्यतिथी होते तेव्हा औरंगजेबाच्या अखबारांवर बोलणारे दहा असतात आणि गोंडी व्याकरणावर एकही नसतो. त्यांचं 'जीवनसेतू' हे आत्मचरित्र वाचनालयात मिळालं तर निघायच्या आधी जरूर वाचा, या वाटेवर मराठीतून चालायला त्याच्यासारखा सोबती नाही.

प्रश्न : जत्रेच्या वेळी जावं का एरवी? मुलं बरोबर आहेत, ८ आणि ११ वर्षांची.

उत्तर : दोन जत्रा-सण आहेत, निवड तुमची.

एक केसलापूरची नागोबा जत्रा, पौष अमावस्येला, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. ही मेस्राम कुळाची, म्हणजे आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरकडे मेश्राम म्हणतात तेच आडनाव, आणि त्या भागातले गोंडही तिथे येतात. कुळातले लोक आधी अनवाणी पायांनी कित्येक दिवस चालत गोदावरीचं पाणी आणायला जातात, जन्नारम बाजूच्या हस्तिनमडुगूला, आणि परत येऊन गावाजवळच्या वडाखाली मुक्काम टाकतात. पूजेची मडकी सिरीकोंड्याच्या कुंभारांकडूनच येतात, ते घराणं ठरलेलं आहे. मग अमावस्येच्या रात्री महापूजा आणि त्यानंतर भेटिंग, म्हणजे त्या वर्षी कुळात लग्न होऊन आलेल्या सुना पांढऱ्या साड्या नेसून, डोईवरून पदर पुढे ओढून देवाला भेटतात. त्या भेटीशिवाय सून कुळाच्या देवाची होत नाही असं मानतात. यातला बराच भाग फक्त मेस्रामांसाठी असतो, तिथे आत घुसायचा प्रयत्न करू नका, बाहेर बसून पेपरे (सनईसारखं वाद्य) आणि ढोल ऐका, तेच खूप आहे. जत्रेत जो दरबार भरतो, जिथे अधिकारी येऊन लोकांच्या तक्रारी ऐकतात, तो १९४६ मध्ये हायमेनडॉर्फनेच सुरू करून दिला. कलेक्टर समोर बसलेला आणि म्हातारी माणसं माइक हातात घेऊन जंगलखात्याची तक्रार सांगतायत, हे मुलांना नक्की दाखवा.

दुसरं दिवाळीच्या वेळचं दंडारी-गुसाडी. गुसाडी म्हणजे मोरपिसांचा भलामोठा मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात काठी, आणि नवस चालू असेपर्यंत आंघोळ नाही. एका गावची दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांचा ताफा, दुसऱ्या गावाला पाहुणी म्हणून जाते, नाचते, जेवते, कधी लग्नंही तिथे जुळतात. मारलवाईचे कनक राजू यांनी ही कला कितीतरी तरुणांना शिकवली, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या गावात त्यांच्या हाताखाली तयार झालेली पोरं आजही नाचतात.

मुलं लहान असल्याने मी थंडी सुचवीन, पण स्वेटर, कानटोप्या घ्याच, आदिलाबादची जानेवारीची पहाट बोचरी असते. पावसाळा टाळा, रस्ते आणि ताप दोन्ही त्रास देतात. आणि उटनूरला बायकांचा गट मोहाच्या फुलांचे लाडू करतो, मुलांना ते देऊन बघा.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, फोटोग्राफी करते. मला हायमेनडॉर्फचा अपातानी आदिवासींचा भाग करायचाय, अरुणाचलची झिरो व्हॅली. त्या आज्यांचे फोटो काढायचेत ज्यांच्या नाकात त्या गोल चकत्या असतात. परमिट आणि सीझन सांगाल का?

उत्तर : परमिट सोपं आहे, अरुणाचलला इनर लाइन परमिट लागतं, ऑनलाइन मिळतं. गुवाहाटीहून नाहरलगुनपर्यंत ट्रेन, पुढे शेअर सुमो. म्योको सण मार्चमध्ये, द्री जुलैच्या सुरुवातीला, म्युझिक फेस्टिव्हल सप्टेंबरात, पण त्या गर्दीत गाव दिसत नाही.

हायमेनडॉर्फ आणि बेटी १९४४ आणि ४५ मध्ये तिथे राहिले. त्याला सगळ्यात चकित केलं ते नाकातल्या चकत्यांनी नाही, भाताच्या शेतांनी. नांगर नाही, बैल नाही, आणि तरी दरीतला इंच न्‌ इंच बांध घालून, पाट काढून, पाणी वाटून घेतलेला, कडेला लावून वाढवलेली बांबूची आणि पाइनची राई. आजूबाजूचे लोक फिरती शेती करणारे, आणि मधेच ही हिरवी बशी. तुझ्या कॅमेऱ्याला हे बांध द्यावेस असं मला मनापासून वाटतं. आता त्या पाण्यात मासेही वाढवतात, भात आणि मासा एकाच खाचरात, पहाटे बायका गुडघाभर पाण्यात वाकून काम करत असतात तेव्हा हाँग गावाच्या बाजूने धुकं उठतं.

आज्यांबद्दल. गोंदण आणि नाकातल्या चकत्यांची ही प्रथा सत्तरच्या दशकात अपातानींनी स्वतःच थांबवली, कारण शिकायला बाहेर गेलेल्या पोरींना लोक टकामका बघायचे. म्हणजे ज्या बायकांच्या चेहऱ्यावर ते आहे त्या शेवटच्या, आणि त्यांना हे माहीत आहे. रोज कुणीतरी लेन्स तोंडाजवळ आणतं. तू आधी बस, चहा घे, नातवाकडून बोलणं करून घे, आणि नाही म्हटलं तर नाही. फोटो काढलास तर प्रिंट पाठव, मोबाइलवर नाही, कागदावर. एक आजी मला म्हणाली होती (नातीने हिंदीत सांगितलं), इतके जण फोटो काढून गेले पण माझा एकही माझ्याकडे नाही.

प्रश्न : मी जिवती तालुक्यातला, गोंड आहे. आमचं गाव दोन राज्यांच्या मधलं, दोन्हीकडे मतदान कार्ड आहे. माझी आजी सांगायची की लहानपणी एक गोरा साहेब आणि बाई आमच्या पलीकडच्या गावात आले होते, फोटो काढले होते. ते फोटो मिळतील का? तुमच्या पानावर सगळे बाहेरचे लोक विचारतात की आम्ही बघायला कसं यावं, मला विचारायचंय की आमचं आम्हाला बघायला कसं मिळेल?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. या पानावर खरं म्हणजे तुमचा प्रश्न पहिला यायला हवा होता.

हायमेनडॉर्फ पुढे लंडनच्या सोआस विद्यापीठात प्राध्यापक होता, आणि त्याचे हजारो फोटो, डायऱ्या, फिल्म तिथे ठेवलेत. त्यातले बरेच फोटो आता सोआसच्या डिजिटल संग्रहात ऑनलाइन बघता येतात. शोधताना एक अडचण येईल ती स्पेलिंगची. त्याने गावांची, कुळांची नावं इंग्रजीत जशी कानाला लागली तशी लिहिली, त्यामुळे तुमच्या गावाचं आजचं सरकारी स्पेलिंग टाकलंत तर काहीच येणार नाही. गावाचं जुनं नाव, नदी-नाल्याचं नाव, कुळाचं नाव, "राज गोंड", "परधान", "कोलाम", "पेर्सा पेन" असं वेगवेगळं टाकून बघा. संग्रहाच्या लोकांना ईमेल करा, आपण त्या समाजातले आहोत हे स्पष्ट लिहा, प्रिंटसाठी परवानगी मागा.

तुमच्या भागाचा एक धागा म्हणजे जंगूबाई देवी. केरामेरी मंडलात महाराजगुड्याजवळ डोंगरात जी गुहा आहे, पौषात जिथे दोन्ही राज्यांतले गोंड येतात, तिथे जमणारी कुळं आणि त्यांची जुनी माणसं शोधा. सीमेने तुमच्या परांडोली-अंतापूरकडच्या गावांचे दोन तुकडे केले असतील, कुळाचे केले नाहीत. चार भावांचं सगे (म्हणजे कुळांचा गट), पाच भावांचं, सहा, सात, हे नातं जिवतीत आणि जैनूरात एकच आहे, आणि फोटोतला माणूस ओळखायचा तर त्याच नात्याने ओळखता येतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी मी सहा प्रिंट घेऊन जैनूरच्या बाजूच्या एका गावात गेले होते. ओसरीवर वीसेक माणसं जमली. पहिला फोटो एका आजोबांच्या हातात दिला, त्यांनी तो आधी लांब धरला, मग जवळ, मग उजेडाकडे तिरका केला. मी वाट बघत होते की ते फोटोतल्या माणसाचं नाव सांगतील, पण त्यांनी बोट ठेवलं ते माणसाच्या मागच्या डोंगरावर. "हा आमचा डोंगर नाही, हा पलीकडून दिसतो तसा आहे." मग दुसऱ्या एकाने म्हटलं, पलीकडून म्हणजे जुन्या वस्तीवरून, जी देवीच्या साथीनंतर उठली. म्हणजे फोटो कुठे उभं राहून काढला ते ठरलं. मग एक बाई पुढे आली, तिने फोटोतल्या बाईच्या दंडातल्या चांदीच्या कड्यावर नख टेकवलं आणि काही न बोलता आत गेली, आणि बाहेर आली ती तेच कडं घेऊन, फडक्यात गुंडाळलेलं, एका बाजूला जरासं चेपलेलं. फोटोतही ते तिथेच चेपलेलं दिसत होतं. तोवर त्या बाईचं नाव संग्रहात नव्हतं, फक्त "गोंड स्त्री" असं होतं. ओसरीवर तिचं नाव घेतलं गेलं, कुळ सांगितलं गेलं, कुणाकडे दिलेली तेही सांगितलं गेलं, आणि मी ते प्रिंटच्या मागे पेन्सिलने लिहून प्रिंट तिथेच ठेवली.

तुमच्या आजीने सांगितलेलं गाव, त्याचं जुनं नाव आणि कुळ मला मासिकाच्या पत्त्यावर कळवा. जानेवारीत मी ११ तारखेला मारलवाईत असेन, जे फोटो त्या नावांवर सापडतील ते प्रिंट करून घेऊन येते, आणि तुम्हाला यायला जमलं तर तिथून आपण एकत्र जंगूबाईला जाऊ.